तीन मिनिटं

नाव अर्लीन कुचेरा. कुचेराचा चे दीर्घ नाही, घाईनेच म्हणतात.
शाळेची पिवळी बस चालवते, सव्वीस वर्षं,
लूप नदीच्या अल्याड.
विधेयक वाचलं. सगळं कळलं असं नाही.
निम्मे दिवस आईकडे, निम्मे बापाकडे, एवढं कळलं.
आणि न्यायाधीशांना याहून वेगळं करायचं झालं
तर कारण कागदावर मांडावं लागेल, तेही.

हिरवा दिवा आहे तोवर सांगते.

चौथ्या बाकावर एक मुलगा बसतो.
नाव सांगणार नाही, गाव लहान आहे.
आरशाच्या वर त्याची यादी चिकटवलीय:
सोम-मंगळ डावा फाटा, बुध-गुरू उजवा,
शुक्रवार आलटून पालटून.
शाळा सुटली की पायरीवरच विचारतो, "आज कुठे?"
यादी त्याला पाठ आहे. तरी विचारतो.
मीही तरी बघते.

जानेवारीत म्हणाला, मला मधे सोड.
मधे म्हणजे?
दोन्ही घरांच्या बरोब्बर मधे.
गाडीत दुसरं कुणी उरलं नव्हतं.
अकरा मैल होतात. साडेपाचावर थांबले.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे, लिहून घ्या.
तिथे एक मोरी आहे, तारेचं कुंपण,
बर्फातून वर आलेली मक्याची खुंटं.
तो उतरला. वाकून मोरीखाली पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग वर आला, बूट आपटून बर्फ झाडला,
म्हणाला, चल.

पिवळा लागला? बरं.

माझा डेल तेव्हा सहा वर्षांचा.
न्यायाधीशांनी मला नऊ मिनिटं ऐकलं, त्याच्या बापाला चार,
आणि पोरगा माझ्या पदरात.
बाप एक शनिवार आड यायचा,
फाटकाशी ट्रक, इंजिन चालू.
मी पोराला मोजे शोधायला लावायची.
मोजे माझ्या एप्रनच्या खिशात असायचे.
हे डेलला अजून सांगितलेलं नाही.

बाजूने की विरोधात, फॉर्मवर विचारलंय.
रिकामं ठेवलंय.

लाल झाला, दिसतंय मला.
आज माझ्या जागी बदली ड्रायव्हर आहे, भला माणूस.
यादी दाखवलीय त्याला.
पण आज शुक्रवार,
आणि शुक्रवारचं सांगायचं राहिलं.