आयत्या वेळचे विषय

अंबडच्या शेडमधली मंगळवारची बैठक
माझ्याकडे आली,
खैरनार साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून.

पहिल्याच दिवशी मी खुर्च्या उचलायला लावल्या.
"म्हणजे बैठक उभ्यानं?" अहिरे हसला.
उभ्यानं. पंचवीस मिनिटं.
विषय तीनच, आदल्या संध्याकाळी फळ्यावर.

आधी दीड तास चालायची.
भद्रकालीतून चिवडा यायचा,
गाडी द्राक्षांच्या भावावर घसरायची,
आणि इतिवृत्तात मी लिहायचे : सविस्तर चर्चा झाली.
सहा वर्षं सविस्तर चर्चा झाली.
चार नंबरचा प्रेस अडखळतच राहिला.

या वेळी तो प्रेस चालवणाऱ्या बागुलांना बोलावलं.
खांद्यावर पुसणं टाकून
ते दारातच थांबले,
जणू तिथं उंबरठा आहे.

तीन विषय अठरा मिनिटांत संपले.
सात मिनिटं उरली आणि कुणाला काही सुचेना.
मी गप्प राहिले.
हे सोपं नव्हतं; पपया नर्सरीच्या सिग्नलला
एकटी असतानाही मी बोलत असते.

"प्रेस नाही बिघडत, मॅडम," बागूल म्हणाले,
"खालची फरशी खचलीय. ग्लास ठेवून बघा."

सगळे गेलो. ठेवला.
पाणी सरळ होतं.
ग्लास तिरका होता.

लिहून घेतलं : फरशी. अहिरे. शुक्रवार.
अहिरे म्हणाला, शनिवार करा.
शनिवार केला.