विनियोग प्रमाणपत्र

मंजूर रक्कम अठरा हजार पाचशे.
शीर्ष एक, प्रवास. शीर्ष दोन, निवास.
शीर्ष तीन, किरकोळ. त्यात बादल्या, दोरी, फॉर्मॅलिन
आणि माझी झालेली फजिती.

पत्र आलं तेव्हा गाईड म्हणाले,
तक्ते वाढव, विशेषणं कमी कर.
मी दोन्ही केलं, आणि एसटीनं आचऱ्याला उतरले.
मांडीवर पीव्हीसीची चौकट,
अर्धा मीटर बाय अर्धा मीटर;
तिचं अर्धं तिकीट फाडावं का
याचा कंडक्टर देवगडपासून विचार करत होता.

सुगंधाबाई कोयंडे यांनी चौकट डोळ्यांपुढे धरली,
तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.
"ह्या काय गो? फोटो लावूक?"
म्हटलं, ही चिखलात टाकायची
आणि आतल्या तिसऱ्या मोजायच्या.
"आणि भायरल्यो?"
बाहेरच्यांचा अंदाज बांधायचा.
त्या हसल्या नाहीत. ओचा खोचला
आणि टाचेनं चिखल चाचपत पुढे गेल्या.

त्यांच्या डाव्या टाचेला
खडा कुठला, तिसरी कुठली, कळतं.
माझ्या प्रस्तावात उपकरणांच्या यादीत
ती नव्हती.

सुकती आज चारला, उद्या पावणेपाचला,
परवा साडेपाच उलटून.
पाचव्या चौकटीत अकरा. सहाव्या चौकटीत दोन.
सातवीत काळा गाळ नुसता,
वरच्या अंगाला वाळू उपसायला लागल्यापासून असाच येतो म्हणाल्या.
मी शून्य लिहिलं.
रिकामा रकाना म्हणजे मोजलंच नाही,
हे मला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कळलं.
त्यांचं म्हणणं:
"नाय गावली ता येगळा. बघूकच नाय ता येगळा."

मग लेखा विभागाचे दळवी, फोनवर:
होडीचं बिल? जीएसटी नंबर?
बरं, निदान साध्या कागदावर पावती,
वर महसूल तिकीट.
पोस्टात एकच तिकीट शिल्लक होतं, कोपरा दुमडलेलं.
बारा दिवसांचे दोनशेप्रमाणे चोवीसशे,
मी आधीच बेरीज करून ठेवलेली.
सुगंधाबाईंनी अक्षर लावत लावत लिहिलं: दिवस अकरा.
मी म्हटलं, बारा.
"बाराव्या दिसा माका पलतडी जावचाच होता.
तू वांगडाक इलंस. तेचे पैशे कसले?"

अखर्चित रक्कम रुपये दोनशे मात्र.
ती धनाकर्षाने, कुलसचिवांच्या नावे, परत करावी.
धनाकर्षाला बँकेनं एकोणसाठ घेतले.
ते कोणत्याही शीर्षाखाली ग्राह्य नाहीत.
मालमत्ता नोंदवहीत, चौकट, एक नग.
सद्यस्थिती या रकान्यात मी "वापरात" लिहिलं.
कोंबड्यांच्या खुराड्याला ती दार म्हणून
अगदी मापात बसली आहे.

याच आठवड्यात दुसरं पत्र.
परिषदेसाठी प्रवास-साहाय्य, बुसान,
विमानभाड्याच्या पन्नास टक्के.
पन्नास टक्के म्हणजे
कुठल्या तरी समुद्राच्या मध्यापर्यंत.
पुढचं आत्याच्या एफडीवर, ती मोडली की.
बोलायला बारा मिनिटं,
त्यातली तीन प्रश्नांची.

निघण्याआधी सांगायला गेले.
त्या कालवं फोडत होत्या,
कोयती थांबली नाही.
"थंय खाडी आसा?"
आसा, म्हटलं.
"मगे सुकती कितक्याक?"

सगळं पाहून ठेवलं होतं मी:
व्हिसा, हवामान, पोस्टरची लांबी-रुंदी,
कुठल्या स्टेशनला उतरायचं.

बघून सांगतंय, म्हटलं.