तिसरा दात

नगरपालिकेच्या कचरागाडीवर
मी गावाचं चिन्ह रंगवते आहे.
टोकावर उभा केलेला चौकोन, निळी जमीन,
मधे रुपेरी झरा, वर आडवी किल्ली.
फोंतक्लोझा. बंद झरा.
वाचता न येणाऱ्यांसाठी काढून ठेवलेलं नाव.

झरा आता खरोखरच बंद आहे.
उन्हाळ्यात टँकर येतो;
त्याच्यावरचं चिन्हही माझ्याच हातचं.

किल्लीला दात तीन.
मठातल्या पेटीत जपलेल्या मूळ किल्लीला
दोनच. मी मोजलेत.

जुने पाद्री सांगायचे: श्रद्धा, आशा, प्रीती.
प्रजासत्ताकातल्या मास्तरांनी फळ्यावर लिहिलं:
पाणी, पाव, पाटी.
मग एका रात्री वेशीवरच्या दगडाला
कुणीतरी चुन्याचा गिलावा केला,
आणि सदतीस वर्षं गावाला नुसती भिंत होती.
त्या भिंतीखाली बायका कपडे आपटत, रेमेई सांगते,
जरा जोरातच आपटत,
म्हणजे आपल्या भाषेत बोललेलं
पलीकडे ऐकू जात नसे.

गिलावा फोडला तेव्हा मी सात वर्षांची.
तिन्ही दात शाबूत.
फेर्मी न्हाव्याने टोपी काढली
आणि बराच वेळ परत घातली नाही.

परवा बार्सेलोनाहून चिन्हांच्या जाणकार बाई आल्या.
किल्ली म्हणजे मठाशी निष्ठा, म्हणाल्या,
तिसरा दात नियमात बसत नाही,
पण परंपरा म्हणून राहू द्या.
सही. शिक्का. कॉफीत साखर नको.

मी गप्प राहिले.
माझ्या कपाटात एक हिशेबाची वही आहे,
आमच्या घराण्यातल्या एउदाल्द पाथरवटाची.
एका पानावर, शाई विटकी:
«वेशीचा दगड. छिन्नी सटकली, किल्लीला टवका.
चूक दिसू नये म्हणून दात करून टाकला.
मजुरीतून दोन नाणी कापली.»

हत्तीचं तेच किल्लीचं:
उघडायचे दोन,
दाखवायचा एक.
पण ज्याच्यासाठी टोपी निघाली
तो तिसराच होता, फेर्मी.

फेरिओल ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.
बाजारचा दिवस, डबे भरून वाहताहेत.
अजून ओलं आहे, मी ओरडते.
तिसऱ्या दाताच्या टोकावरून
रुपेरी रंगाचा एक थेंब
सावकाश खाली उतरतो आहे.

तो फडकं घेऊन खाली उतरला.
थांब, म्हटलं,
जरा थांब.