दर गुरुवारी एक पिशवी

ठरलं ते एवढंच :
दर गुरुवारी एक पिशवी.
निवडायचं मी, न्यायचं झेनोननं,
कारण माझे गुडघे उताराला नाही म्हणतात
आणि त्याला गुरुवारी दुसरं काही काम नसतं.
ट्रॉलीबसमध्ये मांडीवर मावेल एवढीच पिशवी.
वडिलांनी घर भरायला चव्वेचाळीस वर्षं घेतली,
आपण कशाला घाई करायची.

ऑक्टोबरात सुरुवात केली न्हाणीघरातल्या कपाटापासून,
तिथे रडू येण्यासारखं काही नसतं म्हणून.
मुदत संपलेली खोकल्याची औषधं, पाऱ्याचे तीन थर्मामीटर,
आणि एका डबीत, कापसात, माझा दुधाचा दात.
की त्याचा.
आम्ही दोघांनीही जिभेनं आपापले दात चाचपून पाहिले,
जशी काही आता खात्री करता येणार होती.

मग तळघर.
काकडीच्या लोणच्याच्या बरण्या,
चिठ्ठीवर आईच्या अक्षरात चौऱ्याण्णव साल.
झाकण उघडेना. झेनोननं बरणी मांडीत धरून पिळलं,
तर एक जुना उन्हाळा फस्सकन बाहेर आला,
शेपूचा, लसणाचा.
खाल्लं नाही. बरण्या धुतल्या तेवढ्या.
पाणी फार गार होतं.

वडील ग्दिन्याच्या बंदरात क्रेन चालवायचे.
जगाचं सामान इकडचं तिकडे ठेवणारा माणूस
घरातली एक खुर्ची हलवू द्यायचा नाही.
असू दे, लागेल.
मोडकी छत्री, लागेल.
कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली, लागेल;
कुलूप तेवढं सापडायचंय.
त्यांच्या पाकिटात नाताळच्या कार्प माशाचा खवला निघाला,
नखाएवढा, पिवळट पडलेला.
त्यानं पैसा टिकतो म्हणे.
पैसा नव्हताच. खवला टिकला.
तो मी पिशवीत नाही, ॲप्रनच्या खिशात टाकला
आणि झेनोन खिडकीबाहेर बघत राहिला,
मुद्दाम.

फेब्रुवारीत तो तापानं पडला.
हेलेना गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्याच्या खोलीवर गेले,
हातात सूपाचं पातेलं.
दारातच ती छत्री.
आत भिंतीशी धुतलेल्या बरण्या, चिठ्ठ्या न काढता,
चौऱ्याण्णव, पंचाण्णव, ओळीनं.
खिळ्याला ती किल्ली.
अठरा गुरुवार.
आमचं सगळं घर अंग चोरून एका खोलीत बसलं होतं
आणि मधोमध माझा भाऊ,
कूस बदलायला जागा नाही.

"चर्चमध्ये देतो म्हणाला होतास."
"देणारच आहे," तो म्हणाला, "थोडं थोडं करून."

मी पातेलं वडिलांच्या खुर्चीवर टेकवलं, दुसरीकडे कुठे टेकवणार.
तिन्ही थर्मामीटर लावून पाहिले.
तिन्हींनी वेगवेगळा ताप दाखवला.
त्याला मधला पटला.

मार्चमध्ये तो पुन्हा यायला लागला.
मी काही बोलले नाही, त्यानंही विषय काढला नाही.
त्या दिवशी ताटं काढली होती.
सहा निळ्या काठाची, एकसारखी.
सातवं वेगळंच, कडेला टवका उडालेलं,
नाताळच्या आदल्या रात्री न बोलावलेल्या पाहुण्यासाठी मांडायचो ते.
तो एकदाही आला नाही.
आम्ही लहानपणी दाराकडे बघत बघत जेवायचो,
आई म्हणायची, समोर बघा, काटा अडकेल घशात.

सहा शेजारच्या मुलीला देऊन टाकली, तिचं लग्न ठरलंय.
सातवं वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर एक टॉवेल.
"हे नीट ने."
"कुठे?" त्यानं विचारलं, अगदी निरागस चेहऱ्यानं.
"नेतोस तिथेच."

उतरताना पिशवी त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती,
सत्तरीचा माणूस, मफलर एका बाजूनं लोंबकळत.
ट्रॉलीबस वळणाआड गेल्यावर सुचलं :
पाहुण्याला नवा पत्ता
कळवायचा कुणी?