माप

सूज चढायच्या आत मोजा चढवायचा असतो,
म्हणून सहाला मी पलंगाशी गुडघे टेकतो.
देओलिंदा झोपेतच पाय पुढे करते,
गिऱ्हाईक करतं तसा.

एकोणचाळीस वर्षं तिनं मातोझिन्योसच्या कारखान्यात
तारल्यांची मुंडकी उडवली,
ओल्या फरशीवर, उभ्यानं.
स्टूल एकच होतं,
ते मुकादमबाईचं.

नडगीच्या खाली तपकिरी रंग धरलाय.
हा रंग मी ओळखतो.
चेस्टनटच्या सालीत कमावलेलं कातडं
तिसऱ्या महिन्यात असं दिसतं,
कडेला जांभळट, मध्ये चकाकतं,
दाबलं तर कडक.
हे तिला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.
मग म्हणाली, "तळ बसव की."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर शीर काढून दाखवली:
आतल्या झडपा मिटेनाशा झाल्यात,
रक्त खाली येतं आणि वर जाता जाता थांबतं.
आमच्या चढावरच्या गल्लीत सगळेच थांबतात, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
"पाय हृदयाहून उंच ठेवा."

मी पलंगाच्या पायथ्याच्या खुरांखाली
दुकानातले दोन फर्मे सरकवले,
एकेचाळीस नंबर, डावा आणि उजवा,
सेन्योर फिरमीनूचे.
बूट न्यायला तो आलाच नाही, वारला.
आता आमचा पलंग पेलतो.

रात्री खाज सुटते.
पॉलिशपेपर घासल्यासारखा आवाज येतो.
मी दिवा न लावता डबी उघडतो,
दोन बोटं मलमात,
गोल गोल, हलक्या हातानं, घोट्याकडून वर,
जशी टाचेला चमक आणतात.
एकदा सवयीनं तोंडात थुंकी गोळा झाली.
"अल्बेर्तीनू, थुंकलास तर बघ,"
ती अंधारात म्हणाली
आणि पलंग फर्म्यांवर डुगडुगला.

उजवा पाय माझा. डावा नर्सचा.
डाव्याला, घोट्याच्या आतल्या बाजूला,
नाण्याएवढी जखम आहे, फेब्रुवारीपासून.
मंगळवारी नर्स पट्टी सोडते,
मी खिडकीशी उभा राहून कडा बघतो,
जरा आत आल्यात का.
विचारत नाही.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं म्हणतात.
अर्ध्या गावाचे पाय मी मांडीवर घेतले,
हिचे नाही.
ती कारखान्याचेच रबरी बूट घालायची.

घोटा चोवीस. पोटरी अडतीस.
मोज्यासाठी घेतलेले हे आकडे
मी दुकानाच्या वहीत लिहिलेत,
तिच्या नावापुढे,
माझ्याकडून येणे बाकी.