फॉर्म नंबर एकोणतीस

विकायच्या आदल्या रविवारी
सीटा काढून गाडी धुतली.
मागच्या बाकड्याखाली निघालं:
दोन खोडरबर, डब्याचं निळं झाकण,
एक पायमोजा, एकच,
आणि वहीच्या कागदाची पुडी. आत दुधाचा दात.
पुडीवर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘हरवू नये’.
ज्याचा असेल तो आता दाढी करत असेल.

ओम्नी. पांढरी, मधोमध पिवळा पट्टा.
पट्टा मीच मारला, भांडुपला, भर उतारावर उभी करून,
म्हणून तो डाव्या दाराशी जरा खाली घसरलाय.
सहा वाजून दहा मिनिटांनी, रोज,
टेंभीपाड्याच्या चढाला ती आधी खोकायची,
मग विचार करायची.
मी पहिला टाकायचो,
आणि मागची अकरा पोरं
एकदम पुढे वाकायची,
वाकल्यानं वजन कमी होतं म्हणे.
होत असेल.
पंधरा वर्षं चढली खरी.

इंजिन पुढच्या सीटखाली, सीट कायम उबदार,
त्यामुळे पुढे बसायला मारामारी.
शेवटी पाळ्या लावल्या:
सोमवारी तन्वेश, मंगळवारी अलिझा,
बुधवारी डिसिल्वांची जेनिस.
गुरुवारी कुणीच नाही,
गुरुवारी तिथे माझा साबुदाणा.

गिऱ्हाईक आलं ऐरोलीहून. केणी नावाचा पोरगा.
पाण्याचे जार पोचवतो.
बोनेट न उघडता टायरला लाथ मारून बघितली त्यानं,
तेव्हाच मला तो आवडला नाही.
म्हटलं, दरवाजा अडकतो, गुडघ्यानं उचलून सरकवावा लागतो.
म्हटलं, गार हवेत तिसरा गिअर रुसतो.
म्हटलं, गॅसची वायर उंदरानं खाल्लीय,
टाकीची तारीखही संपत आलीय.
म्हटलं, हॉर्न रात्री आपोआप वाजतो,
चाळ उठून बसते.
(एकदाच वाजला होता. तेही माझं कोपर लागून.)
वाटलं, वैतागेल, जाईल.

तो म्हणाला, “काका, असा सरळ माणूस भेटत नाय आजकाल,”
आणि मी बोललो होतो तीच किंमत
पिशवीतून काढून मोजली.
बेचाळीस हजार.
घासाघीस करायला एक नोटसुद्धा ठेवली नाही मेल्यानं.

मग कागद.
विकणाऱ्याचे संपूर्ण नाव:
भालचंद्र राजाराम घाडीगावकर.
लिहिताना मध्येच थांबलो,
कुणा लांबच्या नातेवाइकाचं वाटलं.
अकरा घरांत, अकरा फोनांत, मी व्हॅनकाका.
पोरं बदलली, आया बदलल्या, नाव तेच.
बायकोसुद्धा चिडली की, “अहो व्हॅनकाका, गॅस बंद करा.”
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
सही केली. ती बँकेतल्या सहीशी जुळेल का, सांगता येत नाही.

जारांना जागा हवी, म्हणून
मागचं बाकडं त्यानं माझ्याकडेच टाकलं.
आता ते दाराबाहेर, पॅसेजमध्ये, भिंतीला लावून.
शेजारच्या सावंतीणबाई त्यावर लसूण सोलतात.
कडेला कंपासच्या टोकानं कुणी कोरलंय, ‘जागा माझी’.
रोज पावणेसहाला जाग येते,
किल्लीसाठी हात खुंटीकडे जातो,
खुंटीवर बायकोनं छत्री लावलीय.

काल दूध आणायला निघालो
तर ती समोरून.
पट्टा तसाच, डावीकडे घसरलेला.
जारांनी भरलेली, मागून बुडाला टेकलेली.
चढाच्या पायथ्याशी खोकली.
केणीनं दुसरा टाकला.
दुसरा! अरे, पहिला टाक.
जार काय वाकणार.
मी वाकलो,
दुधाची पिशवी हातात धरून,
रस्त्याच्या कडेला,
जरा पुढे.