खडावांचा ठसा

माझे वडील जुळारी होते,
मात्सुएच्या तळ्याकाठी, मोरिवाकींच्या छापखान्यात.
डाव्या हातात तळहाताएवढी लाकडी पेटी
आणि उजवा हात भिंतभर कप्प्यांवरून
कोंबडीनं दाणे टिपावेत तसा.
लग्नपत्रिका, शिंपल्यांचे भाव,
कुणाच्या तरी आईचा एकोणपन्नासावा दिवस.

एखादं अक्षर कप्प्यात नसलंच
तर हाताला येईल तो खिळा ते उलटा उभा करत,
डोकं खाली, पाय वर.
कच्च्या छपाईत तिथं दोन जाड काळे पट्टे उमटत,
जणू कुणी लाकडी खडावा घालून
वाक्यातून आडवं चालत गेलंय.
त्या खुणेचं नावच खडावा. गेता.
"इथं कुणीतरी यायचंय," मला सांगत,
"तोवर जागा धरून ठेवलीय."

मी नगरपालिकेत, तीन नंबरच्या खिडकीत.
माझ्याकडे कप्पे नाहीत, आकडे आहेत.
ज्या अक्षराला आकडा नाही
त्याच्या जागी पडद्यावर रिकामी चौकट येते.
तिला आम्ही तोफू म्हणतो.
पांढरी, चौकोनी, बेचव.
चालत गेलेल्याचा मागमूसही नाही तिच्यात.

त्सुचियासान आले तेव्हा दुपारची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती.
टोपी काढून छातीशी धरलेली.
बायकोच्या मृत्यूची नोंद करायची होती.
आडनावात पहिलं अक्षर माती, दुसरं घर,
आणि मातीच्या उजव्या कुशीत एक टिंब.
पडद्यावर उमटलं: तोफू, घर.

"टिंबाशिवाय चालेल का?" मी विचारलं.
"उच्चारात काडीचाही फरक पडत नाही."
"काडीचा नाहीच," ते म्हणाले, "टिंबाचा आहे."

मला वाटलं, बी असेल.
मातीत पडलेलं बी, वगैरे.
तसं बोलूनही दाखवलं, जरा खूश होऊनच.
ते हसले नाहीत.
"मातीची खालची रेघ आखूड पडली
की तिचा योद्धा होतो.
घाईत लिहिणाऱ्याचा घोटाळा नको म्हणून
जुन्या कुणी कारकुनानं टिंब दिलं.
आम्ही योद्धे नव्हतो. एवढंच म्हणतं ते.
हिनं लग्नानंतर महिनाभर गिरवलं होतं."

नोंदीवर हातानं काही लिहायचं नाही, असा नियम आहे.
मी साधी माती घालून कागद छापला,
खिडकीत ठेवला,
आणि शिक्का शोधायला टेबलाखाली वाकले.
शिक्का टेबलावरच होता.
वर आले तेव्हा शाई ओली होती
आणि दोरीला बांधलेलं पेन
अजून हलत होतं.

पुढे त्या मातीला आकडा मिळाला. पाच सात दोन एक.
एका मंगळवारी नवीन फाँट आले, आणि मी
कुणी बघत नाही असं बघून ते टंकलं.
आलं. टिंबासकट.
कुठल्या तरी खोलीत कुणीतरी ठरवलेलं टिंब,
नेमक्या उंचीवर, नेमक्या तिरपेपणानं,
थेंबासारखं, पण न ओघळणारं.
त्सुचियासानांचं खाली सरकलेलं होतं.
छापून दाखवायला
आता त्या घरात कुणी राहत नाही.

वडील हल्ली टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतात.
जेवलो की नाही ते विसरतात,
पण दुलईवर उजवा हात चालू असतो,
वर, डावीकडे, पुन्हा वर.
नर्स कातागिरी विचारते, खाज सुटते का त्यांना?

रविवारी मी पलंगाशी बसून माझं नाव सांगितलं.
दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश, एकेक अक्षर.
हात निघाला.
भिंत नव्हती तिथल्या भिंतीवर बराच वेळ फिरला,
एका कप्प्यापाशी थांबला,
रिकामाच परतला.

मग त्यांनी चिमटीत काहीतरी घेतलं,
उलटं केलं,
आणि माझ्या तळहातावर
नीट, न डगमगता, उभं केलं.